आपले वातावरण विश्वासार्ह नाही!

संगणकाचं काम माझ्या हातून कधी बिघडत नाही, हे मी आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलंय की आता भिंतींनाही पाठ झालं असेल!

बाबांचा संगणक मीच लावून दिला. बाबा शिंपी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजवाही यथातथाच. सुईत दोरा जाईना, म्हणून सहा महिने शिलाई मशीन झाकून ठेवलेलं. त्यांच्यासाठी मी एक साधा, फुकटचा, फारसा कुणाला माहीत नसलेला ब्राउझर शोधला. अक्षरं बशीएवढी, जाहिराती गायब, आणि पानावर असेल ते एक बाई खणखणीत आवाजात वाचून दाखवणार. बाबा एकदम खूश!

"आता मला कुणाची गरज नाही बघ," ते म्हणाले.

ऑपरेशनची तारीखही ते स्वतःच घेणार होते. रुग्णालयाच्या वेबसाइटवर सकाळी दहाला नोंदणी सुरू, जागा फक्त बारा. त्यानंतर डॉक्टरीणबाई चार महिने रजेवर. आज हुकलं की चार महिने मशीन झाकलेलंच.

"तू नुसता मागे उभा राहा," बाबा म्हणाले. दहाच्या ठोक्याला त्यांनी बटण दाबलं आणि संगणकातली बाई कडाडली, "आपले वातावरण विश्वासार्ह नाही!"

स्वयंपाकघरातून माझी बायको हातात झारा घेऊनच बाहेर आली. "कोण म्हणालं हे?"

"ही बाई," मी संगणकाकडे बोट दाखवलं.

"हिला काय ठाऊक आमच्या घरातलं वातावरण? आत्ताच फरशी पुसलीय मी!"

"कृपया मान्यताप्राप्त वातावरणातून प्रवेश करा," बाई पुन्हा गरजली.

"हे तुझ्यामुळे!" बाबा माझ्यावर घसरले. "काल जेवताना सूनबाईवर ओरडलास ना? कळतं त्यांना सगळं!"

मी रुग्णालयाच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "साहेब, वातावरण म्हणजे तुमचा ब्राउझर. तो आमच्या यादीत नाही."

"का? त्यानं काय पाप केलंय?"

"काही नाही. पण समोर माणूसच आहे, यंत्र नाही, अशी हमी तो देत नाही."

"अहो, मी बोलतोय ना तुमच्याशी! यंत्र एवढं चिडतं का?"

"तुम्ही सांगून चालत नाही, साहेब. ब्राउझरनं सांगावं लागतं."

"आणि कुठला ब्राउझर खरं बोलतो, हे कोण ठरवतं?"

"सगळ्यात मोठा ब्राउझर बनवणारी कंपनी."

म्हणजे परीक्षेला बसायचं यांनीच आणि पेपरही तपासायचे यांनीच! माझं टाळकंच फिरलं. आमचं घर, आमचा संगणक, आणि आमच्या बाबांनी कशातून बघायचं हे ठरवणारे हे कोण टिकोजीराव? हे सगळं मी तिला खडसावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"नऊ जागा राहिल्यात," ती म्हणाली.

फोन बायकोच्या हातात देऊन मी झक मारत यादीतला ब्राउझर उतरवून घेतला. तो म्हणाला, आधी संगणक अद्ययावत करा. केला. म्हणाला, खातं जोडा. माझं होतं, तेच जोडलं. तर अक्षरं मुंगीएवढी, चारी बाजूंनी जाहिराती नाचताहेत, आणि आमची वाचणारी बाई मुकी!

"मला यातलं काहीच दिसत नाही रे," बाबा म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायलाही सवड नव्हती.

"तीन जागा!" फोन कानाला लावून बायको ओरडली.

हिरवी खूण आली. वातावरण शुद्ध झालं! फॉर्म आपोआप भरला गेला. बुटांची एक जाहिरात चुकवत मी बटण दाबलं. मिळाली! गुरुवारची तारीख मिळाली! मी तिथल्या तिथे उडीच मारली.

बायको पडद्याजवळ वाकली. "अहो, रुग्ण म्हणून तुमचं नाव आलंय."

माझं नाव, माझं वय, माझा डावा डोळा! बदलायला गेलो, तर उत्तर आलं, 'माहितीची पडताळणी झाली आहे. बदल करता येणार नाही.' रद्द करावं, तर जागा हातची जाणार.

बाबांनी चपला पायात सरकवल्या. "चल, तिथेच जाऊ."

रुग्णालयाच्या खिडकीमागच्या बाईंनी पडद्यात बघून माझ्याकडे बोट केलं. "रुग्ण हे आहेत. पडताळणी झालीय."

"बाई, तुम्ही हसताय की रागावलाय, हे मला दिसत नाहीये," बाबा म्हणाले. "याला दिसतंय. आता तुम्हीच सांगा, रुग्ण कोण?"

त्यांनी मान वर करून बाबांकडे पाहिलं. मग पेन काढलं आणि कागदावर माझं नाव खोडून बाबांचं लिहिलं. "पण संगणकातलं नाव मला खोडता येत नाही हो. तुमच्या मुलाच्या डोळ्यांत थेंब घातल्याची नोंद झाल्याशिवाय पुढचं पानच उघडणार नाही."

"मग नुसती नोंद करा की!" मी म्हणालो.

"ते नर्सबाईंना विचारा."

नर्सबाई निघाल्या तत्त्वाच्या! खोटी नोंद करणार नाही म्हणाल्या, आणि गुरुवारी त्यांनी बाबांबरोबर माझ्याही दोन्ही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले. एकदा नाही, चांगले तीनदा!

बाबांचं ऑपरेशन झकास झालं. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून ते बाहेर आले, तेव्हा मला समोर नुसतं पांढरं धुकं दिसत होतं. घरी परतताना बाबा पुढे, आणि त्यांचा हात धरून मी मागे.

"सावकाश," बाबा म्हणाले. "पायरी आहे रे."