तेस्फायेरावांचं ‘ऑलमोस्ट’

आमच्या शेजारच्या तेस्फायेंना जगातली कुठलीच गोष्ट पुरती पसंत पडत नाही. पुरणपोळी दिली, तर डोळे मिटून खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि म्हणाले, “ऑलमोस्ट.” कौन्सिलची कचऱ्याची गाडी रिव्हर्स घेताना पीं पीं करते, ती कुंपणापाशी उभं राहून ऐकतात आणि मान हलवतात. तीही ऑलमोस्टच.

माणूस संगीतकार. अदिस अबाबातल्या एका हॉटेलात ऑर्गन वाजवण्यापासून सुरुवात, मग कॅसेटचा जमाना, मग लंडन. इथियोपियन लग्नांत नाचायला लागणारी निम्मी गाणी आपणच बांधलीत, असं ते स्वतःच सांगतात. एका गायकाकडून त्यांनी एकच ओळ इतक्या वेळा गाऊन घेतली की तो गाणं सोडून बस चालवायला लागला. “गुड ड्रायव्हर,” तेस्फाये म्हणतात, “ऑलमोस्ट.”

आता सत्तरी उलटल्यावर, लंडनच्या पिनर उपनगरातल्या आपल्या बागेतल्या शेडला आतून जुन्या गाद्या ठोकून, ते स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम करत होते. एकच गाणं अडलं होतं.

त्याच सुमारास माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली, बॅगेत लोखंडी खलबत्ता घेऊन. त्याच्या वजनापायी माझे लाडू मागे राहिले. मिक्सरमधल्या कुटाला ती कूट मानत नाही. पहिल्याच सकाळी तिने दाणे कुटायला घेतले आणि पाच मिनिटांत दारावर थाप पडली. मला वाटलं, तक्रार आली. दारात तेस्फाये, चपला उलटसुलट, हातात मायक्रोफोन.

“माय सिस्टर, हू इज युवर ड्रमर?”

त्यांच्याकडे कॉफी घरीच भाजतात आणि उखळीत कुटतात. अडलेलं गाणं त्या कुटण्यावरच होतं, आणि तो ठोका त्यांना कुठल्याच मशीनमध्ये सापडत नव्हता. त्यांनी लगेच भाजलेल्या कॉफीच्या बियांची पुडी पुढे केली.

“माझ्या खलबत्त्यात कॉफी जाणार नाही,” आई म्हणाली. “कुटाला वास लागतो. सांग तेस्फायेरावांना.”

मी सांगितलं. ते म्हणाले, दाणे तर दाणे. पुडी आमच्या फळीवरच राहिली.

मग रोज अकराला आमच्या किचनमध्ये रेकॉर्डिंग. “मदर, लेस हॅपी,” ते सांगायचे. “दाणे कुटण्यात कसलं आलंय हॅपी?” आई मला विचारायची. माझा नवरा अजित ऑफिसच्या कॉलवर असला, की पलीकडच्यांना वाटायचं, घरी गवंडी आलेत. फ्रीज कुटाने भरला, मग कपाटं भरली. आम्ही पास्त्यात कूट घातला, पॉरिजमध्येही घातला. तेल सुटून दाण्यांचा गोळा व्हायचा, तरी हेडफोन काढताना निकाल ठरलेला. “ऑलमोस्ट. टुमॉरो.”

आईच्या मनगटाला रोज बाम लागायला लागला, तसा मला राग येऊ लागला. ती निघायच्या आदल्या दिवशी मी सरळ विचारलं, “तेस्फाये, शी इज फ्लाइंग टुमॉरो. झालं की नाही तुमचं गाणं?”

ते वायर गुंडाळायला लागले. मग म्हणाले, “फर्स्ट डे. फर्स्ट टेक.”

मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सांगितलं. त्यांच्याकडे कॉफी तीनदा ओततात. तिसरा कप आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय उठायचं नसतं. देश सोडला त्या सकाळी त्यांच्या आईने कॉफी कुटली, दोन कप झाले आणि बाहेर टॅक्सीने हॉर्न दिला. ते उठले. परत जाणं जमलं, तोवर आई राहिली नव्हती. आता इतक्या वर्षांनी भिंतीपलीकडे कुणीतरी कुटत होतं. गाणं झालं म्हटलं, की ते कुटणं थांबणार.

मी आईला हे मराठीत सांगितलं. तिने खलबत्ता पुसला, फळीवरून ती पुडी काढली आणि बिया कुटल्या. मायक्रोफोन बंदच होता.

तेस्फायेंनी घरून लांब मानेची काळी मातीची किटली आणली. पहिला कप झाला, दुसरा झाला. मग त्यांना तिथे बसवेना. डोळे पुसत, “थँक यू, मदर,” म्हणत ते उठायला लागले.

सहा महिन्यांत आई इंग्रजीतला एकच शब्द शिकली होती. तिने त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

“ऑलमोस्ट,” ती म्हणाली आणि तिसरा कप ओतला.