मोहन्याच्या रस्त्यावरचा हुशार सिग्नल

आमच्या बहिणीचं, सुमतीचं लग्न झालं त्या साली, म्हणजे एकोणीसशे ब्याण्णवला, सायकलवालाही माणूस असतो हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं. लगेच समिती नेमली. समितीने मोहने गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चौकात बुद्धिमान सिग्नल बसवला. चार खांब, प्रत्येकाला काचेचा डोळा. डोळ्यापुढे वाहन आलं की त्या बाजूला हिरवा. (दोन बाजूंना एकदम वाहन आलं तर काय, हा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचा होता.)

यंत्र उत्तमच होतं. फक्त त्याला सायकल दिसत नव्हती. समितीने मोजमाप केलं, तेव्हा सायकलीत चौऱ्याऐंशी टक्के हवा निघाली.

माझा धाकटा भाऊ दामाजी मोहन्याच्या कारखान्यात बदली कामगार. सातला गेट बंद. महिन्यात तीन लेटमार्क झाले की नाव कमी. त्याचे दोन झालेले. लाल तोडून जावं, तर बायकोने, मालूने, शपथ घातलेली, "लाल असताना गेलात तर माझं मेलेलं तोंड बघाल."

दामाजीने समितीच्या साहेबांना गाठलं.

"साहेब, मला हिरवा कधी?"

"मागून ट्रक आला की."

"आणि नाही आला तर?"

"अहो, घाई कसली? उभे आहात तोवर सुरक्षित आहात ना?"

आठवड्यात पाटी लागली : 'सायकलस्वारांनी स्वतःच्या सुरक्षेसाठी ट्रकच्या पुढे उभे राहावे.'

मग खंडेनवमी आली. ज्या यंत्राच्या हातात आपली भाकरी, त्याला त्या दिवशी फूल वाहायचं, ही कामगारांची रीत. त्यांनी सिग्नलचीही पूजा केली. हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार. एकाच खांबाला मान नको म्हणून चारही खांबांना हार. ते नेमके डोळ्यांवर लोंबले. यंत्राला चारही बाजूंना वाहन दिसलं. त्याने चारही बाजूंना हिरवा दिला आणि तसाच ठेवला.

"दादा, साडेसहालाच गेटवर! पावला बघ देव," दामाजी म्हणाला.

"मी सांगत नव्हते? धीर धरला की मिळतं," मालू म्हणाली.

समितीने आकडे काढले. लाल तोडणारे, शून्य. ताटकळणारे, शून्य. हार काढावेत असं एका शिपायाने सुचवलं, पण निर्माल्य कोणत्या खात्याकडे येतं ते पाच दिवस ठरेना.

पंचनाम्यात कुणाचीच चूक निघाली नाही. ट्रकला हिरवा होता, दामाजीलाही हिरवा होता. यंत्राच्या नोंदीत चौकात सायकलच नव्हती, त्यामुळे त्या साली सायकलींचे अपघातही शून्य.

तुम्ही म्हणाल, लोक अडाणी, सिग्नलला हार घालतात. खरं आहे. पण शिकलेले तुम्हीही ते पाच दिवस स्कूटरवरून त्याच चौकातून गेलात. चारही दिवे हिरवे बघितलेत आणि म्हणालात, चला, आज लवकर पोचू.

दामाजी दहा ऑक्टोबर एकोणीसशे ब्याण्णव रोजी सकाळी सव्वासहाला वारला.