पास्कू सरांचा डावा डोळा

पास्कू सर भर उन्हात डावा डोळा गच्च मिटून चालतात. गिरीज गावच्या वाडीतून ते निघाले की समोरून येणाऱ्या प्रत्येक बाईला वाटतं, ह्यांनी मला डोळा मारला.

विचारलं तर सर रस्त्यातच कोपर वाकवून उभे. "डोळ्यात एक प्रथिन असतं. त्याच्या पोटात असा वाकडा तुकडा. उजेड पडला..." हात खाडकन सरळ! "की हा ताठ. मग अख्ख्या प्रथिनाचा आकार पालटतो, मेंदूला निरोप जातो. कळलं?"

या खाडकन सरळ होणाऱ्या हातापायी एकदा मार्थामावशीच्या डोक्यावरची केळ्यांची पाटी खाली आली.

"अहो, पण डोळा का मिटता?" मावशी कडाडली.

"एक राखून ठेवावा लागतो, बाय."

"कोणासाठी?"

सर खाली वाकून केळी वेचू लागले. मी तिथेच होते; माझं डोकंच फिरलं. विज्ञानाच्या आडून चावटपणा? बायको सेसिल अंथरुणाला खिळल्यापासून हा माणूस कुणाला घरात घेत नाही, आणि चर्चच्या हॉलमध्ये आमच्या मुलींना फुकट शिकवतो! मी पत्रक छापलं: 'डोळे मारणारा मास्तर नको!' रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की ते वाटायचं ठरवलं.

"आधी त्याच्या तोंडावर वाच," मावशी म्हणाली. "पाठीमागून कसली वाटतेस?"

शनिवारी दुपारी गठ्ठा घेऊन आम्ही सरांच्या दारात. सर नुकतेच उन्हातून आलेले, डावा डोळा मिटलेला. मी पत्रक वाचायला लागले.

"आत वाचा. सेसिललाही ऐकू दे."

आत मिट्ट काळोख. खिडक्यांना गोणपाट. मी स्टुलाला धडकले. सरांनी डावा डोळा उघडला आणि सरळ पलंगाशी गेले.

"हलू नका. तुमच्या डोळ्यांतले ताठ झालेले तुकडे पुन्हा वाकडे व्हायला वेळ लागतो. मिटलेल्या डोळ्यातले वाकडेच राहतात." मग हळूच, "आजारापासून हिला उजेड सोसत नाही. बोलता येत नाही. जे सांगायचं ते चेहऱ्याने. एकदा हिला ठसका लागला, नि मी उन्हातून येऊन दारात चाचपडत राहिलो..."

माझ्या हातातलं पत्रक मला वाचता येत नव्हतं.

हळूहळू उशी दिसली. नीट पाडलेला भांग. मग चेहरा. ती माझ्याकडेच बघत होती. तिने एक डोळा मिटला, उघडला.

"बसा म्हणतेय," सर म्हणाले.

स्टूल एकच होतं, त्यावर मावशी बसली. मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर.