शिवेच्या दगडापर्यंत

"सप्टेंबरअखेर सान मिगेलच्या सणादिवशी बारला कुलूप लावणार आणि सारागोसाला मुलीकडे जाणार," असं ओब्दुलियाने जाहीर केलं, तेव्हा वाल्देसेकाचा सरपंच एर्मिनियो याच्या हातातलं पत्त्याचं पान हातातच राहिलं.

गावातली शाळा गेली, डॉक्टर गेला, पाद्री सहा गावांत वाटून घ्यावा लागला, तरी एर्मिनियोच्या कपाळावर आठी पडली नव्हती. पण बार गेला तर उरलेल्या एक्केचाळीस माणसांनी सकाळी उठून जायचं कुठे? आणि सरपंचाने सरपंच असल्याचं दाखवायचं कुणाला?

प्रांताचं पर्यटन कार्यालय डोंगरी सायकलींच्या फेऱ्यांचा नकाशा छापणार होतं. वाट 'मध्यम' ठरली तर शहरातली कुटुंबं येणार, दमणार, भुकेली होणार आणि बारमध्ये शिरणार. फेरीला निदान दोन गावं हवीत एवढीच अट होती. दुसरं गाव म्हणजे पेन्यालोबा. या दोन गावांतून विस्तव जात नव्हता.

"चढ कितपत आहे रे?" ओब्दुलियाने ग्लास पुसता पुसता विचारलं. ती एर्मिनियोच्या वर्गातली. त्याला अरेतुरे करणारी गावात तेवढी एकच उरली होती.

"मध्यम. माझे आजोबा सिगारेट ओढत जायचे त्या वाटेने."

"गाढवावर बसून."

"मग काय झालं?"

"मग चढ कसा आहे ते गाढवाला विचारायचंस."

एर्मिनियोने ते ऐकून सोडून दिलं. स्वतः सायकलवर बसून बघण्याचा प्रश्नच नव्हता, त्याला पदाचा आब राखायचा होता. पेन्यालोबाचा सरपंच कास्तो याच्याशी त्याने पाद्र्याच्या हाती चिठ्ठ्या पाठवून बोलणी केली. ठरलं ते जुन्या रिवाजाप्रमाणे. मे महिन्यात चर्चमधल्या माउलीची मूर्ती मिरवतानाही दोन्ही गावं आपापल्या शिवेच्या दगडापर्यंतच जातात, पुढे पाऊल टाकत नाहीत. तेव्हा अर्धी वाट तुमची, अर्धी आमची, दगडापाशी वाट दाखवणारे बाण जुळतील.

बाण जुळणार नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी पुरात मधल्या ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता. पूल ज्याच्या हद्दीत, त्याने तो बांधायचा. म्हणून एका रविवारी वाल्देसेकाच्या लोकांनी आपला शिवेचा दगड गुपचूप तीस पावलं मागे ओढला. त्याच रविवारी पलीकडे पेन्यालोबाचे लोकही दगडच ओढत होते. तेव्हापासून ओढा कुणाचाच नव्हता, आणि आपल्या दगडाबद्दल दोन्ही गावं मूग गिळून बसली होती.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी कार्यालयाची नेरेआ नावाची तरुणी वाट तपासायला आली. दोन्ही गावं आपापल्या दगडापाशी टाळ्या वाजवायला जमली. ओब्दुलिया नवऱ्याची पावाची जुनी गाडी घेऊन आली होती. गाडीत कॉफी होती, आणि पावात घातलेलं बटाट्याचं आमलेट.

नेरेआ चढ चढून आली. वाल्देसेकाचा शेवटचा बाण ऐटीत सरळ पुढे दाखवत होता, आणि बिचारी सरकारी बाणावर विश्वास ठेवणारी निघाली. टाळ्यांच्या गजरात ती काटेरी झुडपांतून थेट ओढ्यात गेली आणि कमरेपर्यंत चिखलात रुतली.

टाळ्या थांबल्या.

"अहो, हात द्या कुणीतरी!" खालून आवाज आला.

"कास्तो!" एर्मिनियो ओरडला. "तुझ्या ओढ्यात बाई पडल्या आहेत. काढ त्यांना!"

"माझ्या? शुद्धीवर आहेस का? तुझ्या बाणाने पाडलंय त्यांना!"

"बाण माझा, चिखल तुझा!"

"मी उतरलो म्हणजे ओढा माझा ठरला, होय ना? मग उद्या म्हणशील पूल बांध! मला काय दूधखुळा समजलास?"

"अहो, मी बुडतेय!" नेरेआ म्हणाली.

"दोन मिनिटं, बाई," एर्मिनियो अदबीने म्हणाला, "हद्दीचा प्रश्न आहे."

ओब्दुलियाने शांतपणे गाडीच्या मागे दोर बांधला आणि दुसरं टोक घेऊन ती उतरू लागली. एर्मिनियो तिच्या आडवा आला. "तू आमच्या गावची आहेस! तू उतरलीस तर ओढा आमच्या गळ्यात पडेल!"

"सान मिगेलपासून मी कुणाच्याच गावची नाही. हो बाजूला!"

नेरेआ बाहेर निघाली, सायकलही निघाली. तिने दोन आमलेटं सलग खाल्ली, मग ओला कागद काढला आणि म्हणाली, "हा ओढा कुणाचा आहे, ते आत्ताच्या आत्ता लिहून द्या."

'आमचा नाही,' असं लिहून दोन्ही सरपंचांनी सह्या ठोकल्या. चाळीस वर्षांत त्यांचं एवढं एकमत कशावरच झालं नव्हतं. त्या कागदाची एक प्रत ओब्दुलियाने मागून घेतली.

नकाशा छापून आला. वाल्देसेका–पेन्यालोबा फेरीपुढे नेरेआने लिहिलं होतं: 'चढ मध्यम. माणसं अवघड. ओढ्यापाशी सायकल खांद्यावर घ्यावी. आमलेट उत्तम.' आणि माणसं येऊ लागली. चिखलाची हौस असलेले आले, आमलेटची हौस असलेले त्याहून जास्त आले.

सान मिगेलच्या दिवशी ओब्दुलियाने बोलल्याप्रमाणे बारला कुलूप लावलं. पण ती सारागोसाला गेली नाही; दुसऱ्या दिवशी पावाची गाडी दोन दगडांच्या मधे, ओढ्याच्या काठावर उभी होती. गाडीपुढे चार टेबलं मांडली होती.

एर्मिनियोने दोन दिवस कॉफीवाचून काढले. तिसऱ्या दिवशी भाच्याची सायकल मागून घेतली. वाटेत तो तीनदा उतरला आणि एकदा आजोबांच्या गाढवाची मनोमन माफी मागितली. पोचला तेव्हा तो धापा टाकत होता. एका टेबलाशी कास्तो बसला होता, त्याच्यापुढे कॉफी आलेली होती, आणि तोही अजून धापाच टाकत होता.

"काय रे, मध्यम ना?" ओब्दुलियाने विचारलं.

"परवानगी..." एर्मिनियोने कसाबसा श्वास घेतला. "परवानगी कुणाची काढलीस इथे?"

तिने तो कागद त्याच्या नाकासमोर धरला. "कुणाची काढू? ओढा कुणाचाच नाही. तुझीच सही आहे."

"ती चूक होती! आमचा पहिला दगड इथे होता, या टेबलाच्याही पुढे! आजच्या आज परत आणून ठेवतो. ओढा आमचा!"

"हट्!" कास्तो ताडकन उठला. "ओढा आमचा! माझ्या बापाने दगड ओढलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय!"

"आमचा!"

"आमचा!"

ओब्दुलियाने एर्मिनियोचीही कॉफी आणून ठेवली. "बरं झालं," ती म्हणाली. "मग पूल कधी बांधताय?"

दोघेही खाली बसले आणि मन लावून कॉफी ढवळू लागले. साखर अजून कुणीच घातली नव्हती.