विश्राम आबाचे उपास

विश्राम आबाला उपाशी ठेवायला फार काही करावं लागत नसे. त्याच्यासमोर त्याच्या गुरुजीला नाव ठेवायचं, बस. आबा ताट सरकवायचा, हात धुवायचा आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचा नाही. त्यांच्या योगपंथाचा नियमच होता तसा. गुरूची निंदा कानावर पडली की एक दिवस उपास. करणाऱ्यानं नाही, ऐकणाऱ्यानं. उपासाला केळंसुद्धा चालायचं नाही. जळगावात राहून केळं नाही!

मी चौथी शिकलो आणि डाळ मिलमध्ये पोती उचलायला लागलो. म्हणून सरळच लिहितो. आबा डोक्यानं थोडा सरकलेला होता.

मूळचा धुळ्याकडचा. एसटीत कंडक्टर. रिटायर झाला आणि आमच्या गल्लीत खोली घेऊन राहिला, एकटाच. मुलं सुरतेला. कुठल्याशा शिबिरात हा गुरुजी भेटला आणि आबा योगाचा मास्तर झाला. सकाळी शाळेच्या पटांगणात बायकामाणसांना शिकवायचा. शिकवणं पण कंडक्टरचंच. हातात पितळी घंटी. एक वाजली की श्वास घ्या, दोन वाजल्या की सोडा. "पुढे सरका, दारात गर्दी करू नका!" पटांगणाला दार कुठलं? आसन अर्धं सोडून कोणी उठलं तर म्हणायचा, "मधेच उतरता येणार नाही. गाडी थेट आहे."

माझी बायको सरू गुडघ्यासाठी जायची.

गुरुजी कसा होता? मला विचाराल तर लबाड. पांढरी दाढी, पांढरी गाडी. लोकांच्या जमिनी आश्रमाच्या नावावर केल्या म्हणून बोललं जायचं. बायकांच्याही तक्रारी होत्या. आबाला ते पटायचं नाही. मग गल्लीतले टवाळ लोक पंगतीत मुद्दाम त्याच्या शेजारी बसायचे. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, म्हणजे आबाचा जीव. त्यानं पहिला घास उचलला की एक जण म्हणायचा, "काय आबा, गुरुजीनं परत कोणाचं शेत गिळलं म्हणे?"

झालं. तोंडाशी आलेला घास खाली.

सरू तिकडून ओरडायची, "त्यास्ले पहिले जेवू द्या रे, मंग भुंका!"

एका वर्षी मुंबईची माणसं कॅमेरा घेऊन आली. गुरुजीवर आणि त्याच्या पंथावर पाच भागांची फिल्म काढत होती. बाजूचे, विरुद्धचे, सगळ्यांचं ऐकत फिरत होती. आबाच्या वर्गाचंही शूटिंग केलं. मी मिलमध्ये होतो. सरू घरी आली ती हसतच.

"माले बी इचारं त्यास्नी."

"काय बोललीस?"

"नही सांगस, जा."

पोळ्याच्या आधी ती गेली. तीन दिवसांचा ताप. विचारायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षी त्या फिल्मच्या कॅसेटी व्हिडिओच्या दुकानात आल्या. पंथाचा निरोप आला, कोणी पाहायची नाही, नुसती निंदा भरली आहे. गल्लीनं पहिला भाग आणलाच. त्यात आबा शीर्षासन करताना दिसतो, लुंगी पायाला करकचून बांधलेली, आणि मागून एक आवाज आंधळ्या भक्तांबद्दल काहीतरी सांगतो. तेवढं पाहून लोक पोट धरून हसले आणि कॅसेट परत करून आले. आबाचा वर्ग ओसरला. दोन म्हाताऱ्या उरल्या.

त्या दिवसांत मी एकदा ओट्यावर आबाजवळ बोलून गेलो, "आबा, सरूचा चेहरा दिसस रे. आवाज गया. कितला बी आठव, येत नही."

आबा उठून गेला.

नंतर चार दिवस दिसला नाही. पाचव्या दिवशी दारात उभा. गाल आत गेलेले, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. मला वाटलं कावीळ. म्हणालो, "डॉक्टरकडे चल."

"तू मना घर चाल."

खोलीत भाड्यानं आणलेला टीव्ही आणि व्हीसीआर. खाली कॅसेटी.

"चौथा भागमा वहिनी शे," आबा म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. रोज सकाळी उठल्या उठल्या एक भाग, रोज निंदा, रोज उपास. चार दिवस ह्या माणसानं अन्न घेतलं नव्हतं.

"येड्या, चारी भाग एकाच दिवशी पाहायचे होते. एका उपासात भागलं असतं!"

"एक तिकीटवर चार माणसं? अशी लबाडी मी नोकरीत नही करी."

"मग आवाज तरी बंद करायचा."

"आवाज बंद कया तर वहिनी कोठे बोलस, ते कसं समजतं?"

त्यानं बटण दाबलं. गुरुजीची गाडी दिसली, मागून तो आवाज जमिनींचं सांगू लागला. आबा मान खाली घालून ऐकत होता. मग पटांगण आलं, आणि सरू. पदर दातात धरलेला. कोणीतरी विचारलं, गुरुजींबद्दल काय सांगाल?

"माले नही माहीत भाऊ. मी त्यास्ले देखेल बी नही. आमना आबा शिकाडस. गुडघा दुखे, आते नही दुखत. चला, जास मी. आमना येतीन मिलमाईन, त्यास्नी भाकर करनी शे."

आणि गेली. चालताना लंगडत नव्हती.

आबानं कॅसेट मागे फिरवली. ते यंत्र सरूवर नेमकं थांबेना, जमिनींच्या बोलण्यावरच जायचं. ते पुन्हा ऐकलं, म्हणजे आणखी एक उपास, पुन्हा सरू आली. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा मी त्याचा हात धरला.

"आबा, बस झालं. उपाशी मरशील."

त्यानं हात सोडवून घेतला.

"गप बस रे भाऊ. या टायमाले ध्यानथी ऐक, ती तुनी भाकरनं बोलस," म्हणाला, आणि बटण दाबलं.