डंडीचा वेल

बहरीनमधल्या मे महिन्यातली भर दुपार. आमच्या सनद भागातल्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडलेली. चार जिने चढून घामानं निथळलेला एक साठीचा गृहस्थ माझ्यासमोर कठड्याला टेकला आणि म्हणाला, "थंडी लई वाढलीय बगा आज. रातच्याला दव गोठणार."

मी तेव्हा बिल्डिंगमध्ये नवा होतो. उन्हाचा डोक्यावर परिणाम होतो हे ऐकून होतो, पण इतका जवळून पाहिला नव्हता. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना पायरीवर बसवलं आणि घरातून पाणी आणलं. पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं आणि शांतपणे खुलासा केला, "इथं न्हाई ओ. डंडीत."

डंडी हे गाव स्कॉटलंडमध्ये आहे, ही माहिती मला त्या दिवशी झाली. गृहस्थांचं नाव नलावडे. माझे वरच्या मजल्यावरचे शेजारी. तासगावकडचे. घरची द्राक्षबाग भावावर सोपवून तरुणपणी इकडे आले ते आलेच. एका मोठ्या इमारतीचा कूलिंग प्लांट सांभाळतात. "आयुष्यभर माणसं गार केली," असं ते स्वतःच्या नोकरीचं वर्णन करतात. त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी. ती इथल्याच शाळेत वाढली आणि शिकायला म्हणून गेली ती डंडीला. तिथं नोकरी लागली, मागे अंगण असलेलं छोटं घर मिळालं. एका वसंतात तिनं बाजारातून द्राक्षाचं एक रोप आणलं, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी लावलं आणि त्याचा फोटो आईला, म्हणजे शैलाकाकूंना, पाठवला. आईनं तो नवऱ्याला दाखवला. तेव्हापासून नलावडेकाका राहतात बहरीनला, पण हवामान डंडीचं भोगतात.

त्यांच्या मोबाईलवर बहरीनचं तापमान दिसतच नाही. "इथलं काय बगायचं? गरमच असतंय," असं त्यांचं म्हणणं. एकदा अदलिया भागातल्या एका हॉटेलात कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता. माणसं उकाड्यानं हैराण होऊन एसीखालच्या खुर्च्यांसाठी भांडत होती. काका मधूनच सुस्कारा सोडून म्हणाले, "पावसानं नुसता वैताग आणलाय. ऊनच न्हाई. मणी पिकायचं कसं?" टेबलावरच्या सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. "पडेल हो ऊन, इंशाल्ला," असं एक बँकवाले गृहस्थ समजुतीनं म्हणाले आणि आपली खुर्ची थोडी लांब सरकवून बसले.

बिल्डिंगच्या खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, परदेशी द्राक्षांची खोकी येतात. काका ती कधीच घेत नाहीत, पण रोज तपासतात. घड उचलून प्रकाशात धरतात. "विरळणी केलेली न्हाई. मण्याला मणी चेंगरलाय," असा शेरा मारून घड परत ठेवतात. दुकानदार मल्याळी आहे. त्याला शब्द कळत नाहीत, पण नापास झाल्याचं कळतं. सुरुवातीला तो दुसरं खोकं उघडून दाखवायचा. आता नुसताच "मफी गुड?", म्हणजे 'चांगली नाहीत?', विचारतो आणि काका "मफी" म्हणून दूध घेऊन वर येतात.

वेलाला हिवाळ्यात गुंडाळायला लोकरीचं कापड हवं म्हणून एकदा ते मला बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या बाजारात घेऊन गेले. महिना जूनचा. कापडवाला सिंधी होता आणि धंद्याला पक्का. जूनमध्ये लोकर मागणारं गिऱ्हाईक त्यानं हातचं जाऊ दिलं नाही. त्यानं सुटाची कापडं अंथरली आणि माप विचारलं.

"ऊंचाई?"

"मेरे कंधे तक."

"कमर?"

काकांनी करंगळी वर केली.

दुकानदार बराच वेळ त्या करंगळीकडे पाहत राहिला. मग त्यानं चहा मागवला. आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात तो मला म्हणाला, "भाईसाब, बच्चे का इलाज चालू है ना?" मी हो म्हटलं.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की डंडीहून व्हिडिओ कॉल येतो. त्या वेळी काका इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. फोन इतका जवळ धरतात, की पलीकडे त्यांचं फक्त कपाळ दिसत असावं. पहिल्यांदा मी तिथं होतो तेव्हा त्यांनी मुलीला कशी आहेस, जेवलीस का, काही विचारलं नाही.

"पान दाखव," ते म्हणाले. "वरून नको. उलटं कर. खालची बाजू. भुरीची बुरशी हाय का बगू दे."

"बाबा, इट्स जस्ट डस्ट."

"पुसून दाखव."

तिनं पुसून दाखवलं. काकांनी चष्मा बदलून पाहिलं. मग त्यांनी काडी कशी कापायची ते सांगायला घेतलं. "दोन डोळं ठेवायचं आणि वर काप घ्यायचा."

"व्हॉट डोळे?"

"डोळं गं. काडीचं डोळं."

"आईज," स्वयंपाकघरातून शैलाकाकूंनी भाषांतर पुरवलं.

"ग्रेप्स हॅव आईज?"

"असत्यात की! तिथनंच तर फुटतंय सगळं," काका म्हणाले. आवाजात इतका आनंद होता, की मी बिचकलो. मुलीला मराठी समजायची आणि ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. काकांना इंग्रजी समजायची आणि ते तासगावीत प्रश्न विचारायचे. पण ओलांडा म्हणजे वेलाची आडवी फांदी, मग घड, मग विरळणी असं करत करत दोघं तासभर बोलत राहायची. "पूर्वी शुक्रवारी हे दुपारभर घोरायचे," काकू मला चहा देताना म्हणाल्या. एवढंच.

काकांचं ज्ञान सगळं तासगावचं. तासगावात एप्रिलमध्ये वेल खरडून छाटतात. म्हणून पहिल्या एप्रिलमध्ये त्यांनी डंडीचा वेलही खरडून छाटायला लावला. पुढे त्यांनी थंड मुलखातल्या द्राक्षांचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली आणि छाटणीचा महिना बदलून डिसेंबर केला. "थंड देशात वेल गाढ झोपला की मगच कात्री लावायची," एवढं त्यांनी मला सांगितलं आणि विषय बदलला. काका विषय बदलतात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग एका ऑक्टोबरमध्ये माझ्या विमा कंपनीनं मला ट्रेनिंगसाठी एडिनबराला पाठवलं. तिथून डंडी रेल्वेनं जवळच. ही बातमी मी काकूंना सांगितली, आणि मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत काका माझ्या दारात हजर होते. हातात छाटणीची नवी कात्री, शेंगदाण्याची चटणी आणि सूचना. "घड पिकायचा टाइम हाय. एक मणी खायचा. सालीसकट. आधी आंबट लागतोय का मागनं, ते ध्यानात ठेवायचं. आणि खोटं बोलायचं न्हाई."

ट्रेनिंग संपल्यावर एका शनिवारी मी डंडीला गेलो. पल्लवीनं स्टेशनवरून घरी नेलं, पोहे केले, चटणीचा वास घेऊन डोळे मिटले. मग मी म्हटलं, "चल, वेल दाखव. मला मणी खायचा आहे. तसा हुकूम आहे."

तिनं हातातली बशी खाली ठेवली. मग मागचं दार उघडून मला अंगणात घेऊन गेली. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत होती. भिंतीत खिळे होते, खिळ्यांना तारा ताणलेल्या होत्या. तारांवर काहीही नव्हतं.

"इट डाइड, अंकल," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी."

ती सांगत राहिली. इंग्रजीत सुरुवात करायची आणि मधेच मराठीत यायची. "बाबांनी एप्रिलमध्ये कापायला सांगितलं. मी कापलं. इट क्राइड, अंकल. टोकातून पाणी गळत होतं, दिवसभर. मी फडकं बांधलं. मग कोंब आले. छोटे, पिंक. आणि मे महिन्यात एका रात्री फ्रॉस्ट पडला. सकाळी सगळे काळे. खलास."

बहरीनमध्ये वाढलेल्या मुलांकडे शेवटासाठी हाच अरबी शब्द असतो.

"मग दर शुक्रवारी तू काय दाखवतेस?"

शेजारच्या अंगणाशी मधे ठेंगणी दगडी भिंत होती. भिंतीला लावून एक प्लॅस्टिकचं स्टूल. पल्लवी त्यावर चढली, भिंत ओलांडून पलीकडे उतरली आणि मला या म्हणाली. स्टूल माझ्या वजनानं एका बाजूला कललं. मी भिंतीला धरून कसाबसा पलीकडे गेलो.

तिथं एका घराच्या सबंध बाजूवर द्राक्षाचा वेल चढलेला होता. पिवळी पडत चाललेली पानं आणि खाली काळ्या मण्यांचे सुटसुटीत, नीट विरळलेले घड. एक आजीबाई जाड स्वेटर घालून घडांवरची पानं खुडत होत्या. पल्लवीनं माझी ओळख करून दिली. मी बहरीनहून आलोय म्हटल्यावर आजीबाई सावरून उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं ते असं, की हा वेल त्यांच्या नवऱ्यानं लावला होता आणि इतकी वर्षं त्याला नुसता पाला यायचा. पल्लवीच्या वडिलांच्या हाताखाली आल्यापासून फळ धरायला लागलं. साहेब पानं खुडण्यावर समाधानी आहेत का, असं त्यांनी मला जरा काळजीनं विचारलं.

मी मणी खाल्ला. आधी आंबट, मागनं गोड, आणि साल जाड.

परत येताना पल्लवी म्हणाली, "बाबांना सांगू नका. प्लीज. ही विल नो इट वॉज एप्रिल."

"त्यांना वाईट वाटेल म्हणून?"

"ते पण." ती भिंतीवर बसून राहिली. "आधी मी फोन केला ना, की बाबा हॅलो म्हणायचे आणि लगेच 'थांब, आईला देतो.' एव्हरी टाइम. लहानपणी पण ते प्लांटवर असायचे. आम्हाला काय बोलायचं माहीतच नव्हतं." मग बापासारखा आवाज काढून ती म्हणाली, "'पान उलटं कर.' नाउ ही डझन्ट गिव्ह द फोन टू आई."

मी वचन दिलं.

बहरीनला परतल्यावर मी वर गेलो. काकू देवळात गेल्या होत्या. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, शुक्रवार नसताना. मी सगळं सांगितलं. मणी आधी आंबट, मागनं गोड. साल जाड. घड सुटसुटीत. भिंतीवर वेल काय झकास चढलाय, पोरीनं काय मेहनत घेतलीय.

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मुळेसाहेब, तुम्ही विमा कंपनीत. मला वाटलं, तुम्हाला ह्याची सवय असंल."

"कशाची?"

"खोटं बोलायची. पोरीची भिंत मोकळीच हाय न्हवं?"

मी पल्लवीकडून परत आणलेला चटणीचा रिकामा डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"पहिल्याच उन्हाळ्यात पोरीनं पान उलटं करून दाखवलं, तवा मागं खोड दिसलं," ते म्हणाले. "साल सुटल्याली. लोंबत होती. म्हाताऱ्या वेलाची साल सुटती, मुळेसाहेब. एका वर्षाच्या पोराला पांढऱ्या मिशा येत न्हाईत. शेजाऱ्याचा असंल म्हटलं. आणि आपला कशानं गेला त्येबी कळलं. एप्रिलात कात्री लावायला कुणी सांगितलं? मीच."

"मग तुम्ही तिला बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "वेल गेला म्हटलं, तर ती म्हणंल सॉरी बाबा, मी म्हणणार असू दे बाळ. मग फुडं? फुडं माझ्याकडं हाय काय तिच्याशी बोलायला? शैलाला बी सांगितलं न्हाई. तिच्या पोटात ऱ्हायचं न्हाई."

खाली कुणीतरी गाडी लावताना हॉर्न देत होतं. ते थांबल्यावर काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"शेजाऱ्याच्या अंगणात ती जाती कशी? दार हाय मधी?"

"नाही. ठेंगणी भिंत आहे. स्टूल ठेवलंय तिनं."

"लाकडी?"

"प्लॅस्टिकचं."

"हलतंय?"

मी हो म्हटलं.

काका उठून खिडकीपाशी गेले आणि परत आले. "तिकडं सारखी पावसाची रिपरिप. भिंतीवर शेवाळ असणार. पाय घसरला म्हंजे?" ते फोनपर्यंत गेले, हातात घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. "आणि मला सांगता बी येत न्हाई. मला तर ठाऊकच न्हाई, तिथं भिंत हाय म्हणून."

मग ते माझ्यासमोर येऊन बसले.

"तुम्ही सांगा," ते म्हणाले. "तुम्ही चढलाय त्यावर. स्टूल काढ म्हणावं, दगडाची पायरी रच. चांगली रुंद. आणि माझं नाव घेऊ नका."