कुरिंजीमेडूचा उतार

कुरिंजीमेडूच्या डोंगरावर चढ हवा तेवढा मिळतो. उतार मात्र रोज दुपारी संपतो.

यात नवल करण्यासारखं काही नाही. माणसं जेवढी चढतात तेवढाच उतार साठतो. पूर्वी चहाची पानं खुडणाऱ्या बायका सकाळी चढायच्या आणि संध्याकाळी उतरायच्या, सगळं जिथल्या तिथे. मग कोइंबतूरहून एका दिवसाच्या सहलीचं खूळ निघालं. लोक जीपमध्ये बसून वर जाऊ लागले आणि फोटो काढत पायी उतरू लागले. चढायला नको, उतरायला मात्र पुढे! पुरणार कसा? आता खुडणाऱ्या बायकांपुरता उतार मळ्याने राखून ठेवला आहे. बाकीचा पाहुण्यांना, आधी येईल त्याला. तो संपला की कुठल्याही दिशेला पाऊल टाका, वाट चढतच जाते. घरी पोचता येतं, पण चढून.

पायथ्याच्या पाटीवर हे हिंदीतही लिहिलेलं होतं. अंबूताईंनी ते वाचलं आणि "आपण काय कुकुली बाळं आहोत?" म्हणून पुढे निघाल्या. अंबूताई मिरजेच्या, कोइंबतूरला मुलाकडे, प्रसन्नकडे आलेल्या. बरोबर त्यांची थोरली नणंद, द्वारकाबाई. पायाचं शिलाई मशीन मारून मारून द्वारकाबाईंचे गुडघे कधीच गेले होते, म्हणून त्या जीपने गेल्या. अंबूताई पायी. "कुणाच्या गाडीत बसून डोंगर बघायला मी काय नवरीमुलगी आहे?"

चढण सुरेख होती. कंबरेएवढी छाटलेली चहाची झुडपं डोंगरभर विंचरून बसवल्यासारखी. मधूनच सिल्व्हर ओकची उंच झाडं, अंगावरून जाणारं गार धुकं, आणि कारखान्यातून येणारा ओल्या पानांचा वास. अंबूताई धापा टाकत वर पोचल्या तेव्हा द्वारकाबाई दगडावर बसून दुसरा चहा पीत होत्या.

"आलीस का गं? मला वाटलं, वाटेत झुडपं मोजत बसलीस."

"तुमचं बरंय वन्सं. बसल्या जागी डोंगर."

दोघींनी दशम्या काढल्या. शेजारी सेल्वी नावाची खुडणारी जेवत होती. तिने आपल्या डब्यातला चिंचेचा भात पुढे केला, डब्यासकट. भात संपला आणि पंचाईत झाली. दशम्यांचा तुकडा उरला नव्हता, आणि डबा रिकामा परत द्यायचा? मिरजेच्या बाईने? अंबूताई टपरीवर गेल्या. टपरीवाला जेवायला गेलेला. त्या थांबल्या. सेल्वी येऊन खूप हातवारे करून गेली, खालच्या बाजूला बोट दाखवत होती. "किती संकोची बाई," अंबूताई म्हणाल्या. शेवटी टपरीवाला आला, गुळाचा खडा मिळाला, तो डब्यात घालून डबा सेल्वीच्या हातात दिला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

उताराच्या तोंडाशी बांबूचं फाटक होतं आणि मुरुगेशन नावाचा रखवालदार. फौजेत असताना खडकीला राहिलेला, त्यामुळे मराठी बोलायचा.

"एकाचा उतार शिल्लक आहे, अम्मा."

"आम्ही दोघी आहोत."

"ते दिसतंय. उतार एकाचा आहे."

"जीप?"

"जीपलाही उतारच लागतो. शेवटची मघाशी गेली."

"मग उद्या?"

"उद्याचा उतार उद्या चढणाऱ्यांचा. आज चढलं कोण?"

"मी," अंबूताई म्हणाल्या.

"मग तुमचा."

द्वारकाबाई पुन्हा दगडावर टेकल्या. "जा तू. या पायांनी मी घरापर्यंत चढणार नाही. मी राहीन इथेच. चहा चांगला असतो."

"असं कसं राहाल? आणि माझ्यावर कशाला ढकलता? मी घाम गाळून चढले, उतार माझा. जीपमध्ये बसायच्या आधी विचार करायचा."

"केला नाही, खरं आहे." द्वारकाबाई पदराने चष्मा पुसत राहिल्या. "मी आयुष्यात चढलेच नाही म्हण."

त्या एवढंच बोलल्या, आणि अंबूताईंना राग आला तो स्वतःचा. त्यांचे यजमान, म्हणजे द्वारकाबाईंचा धाकटा भाऊ, इंजिनियर झाला तो त्या शिलाई मशीनवर. द्वारकाबाईंचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. मग बंगला झाला, नोकरमाणसं आली, आणि त्या बंगल्यात मिरवायला आयत्या कोण आल्या? अंबूताई.

त्या मुरुगेशनकडे वळल्या. "या बाई फार चढल्यात. तेव्हा, मिरजेला. ते धरत नाही का?"

मुरुगेशनने गांभीर्याने विचार केला. "कुठला डोंगर?"

"डोंगर नव्हता. घर होतं."

"मग नाही धरता येणार. बाहेरचा चढ इथे चालत नाही. पण तुमचा उतार तुम्ही देऊ शकता, नात्यात असाल तर. या कोण तुमच्या?"

"नणंद."

"चालतं. बरेचदा भावजया नाही म्हणतात, पण चालतं."

"दिला," अंबूताई म्हणाल्या.

"अंबू, वेडेपणा करू नकोस."

"तुम्ही गप्प बसा वन्सं. जन्मभर तुम्हीच मोठेपणा करायचा का? आणि खाली पोचलात की प्रसन्नला फोन करा, न्यायला येईल. उगाच बस शोधत फिरू नका."

काठी टेकत, तिरक्या पावलांनी द्वारकाबाई उतरत गेल्या. त्यांच्या मागे वाट मिटत गेली आणि हळूहळू वर उचलली गेली. अंबूताईंनी पदर खोचला आणि त्या घराकडे चढू लागल्या.

चढ कठीण होता. मळे संपले, बसचा रस्ता आला, तोही चढता. केळीच्या बागा, पेट्रोलपंप, कोइंबतूरचे चौक, सगळे एकाहून एक वर. मुलाचं घर तळमजल्यावर, पण त्या पोचल्या तेव्हा कुरिंजीमेडूपेक्षा कितीतरी उंचावर होत्या. कानांत दडे बसले होते, ओठ निळे पडले होते.

दार द्वारकाबाईंनी उघडलं. बाहेर मे महिना होता. त्या पंख्याखालून उठून आल्या होत्या.

"अगं, कुडकुडतेयस!"

"इतक्या वर थंडी असणारच," अंबूताई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

द्वारकाबाईंनी त्यांच्या अंगावर सोलापुरी चादर घातली. मग पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या, आणि घाम पुसत त्यांच्याशेजारी बसून राहिल्या.